मदत हवी आहे: प्रेताविना शोक, नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या प्रथांवर काय वाचू?

मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिचीची कादंबरी 'हाफ ऑफ अ यलो सन' (2006) घेतलीये, बियाफ्रा युद्धावरची, म्हणजे नायजेरियातल्या यादवी युद्धावरची. ट्रेनमधली बाई भोपळ्याच्या भांड्यातलं लेकीचं डोकं दाखवते आणि घरी पोचल्यावर नायिका ओलानाचे पायच चालेनासे होतात, इथे कॅथी करुथची ट्रॉमा थिअरी (आघात त्या क्षणी पुरता उमगत नाही, नंतर परत परत छळतो) चपखल बसते. पण ओलानाची जुळी बहीण कैनेने शत्रूच्या हद्दीत माल आणायला जाते ती परतच येत नाही, प्रेत नाही की बातमी नाही, मग ओलाना तिचा फोटो नायजर नदीत टाकते, फार आतून हलवणारा भाग आहे हा, तिथे करुथ अजिबात पुरत नाही. फ्रॉइड आणि ट्रॉमा थिअरीच्या पाश्चात्त्य चौकटीवर टीका करणारे स्टेफ क्रॅप्स वाचून झालेत, कादंबरी आता बदलता येणार नाही. अंत्यविधीच करता आला नाही तर इग्बो घरात शोक कसा पाळतात, पुनर्जन्माच्या समजुतीचा त्यात काय वाटा असतो, यावर एखादं भरवशाचं पुस्तक किंवा लेख सुचवाल का, इंग्रजीतलं असलं तरी चालेल?