इंग रुओचंग यांचं काम पाहायचंय, सुरुवात कुठून करू?

रंगवेडी:
परवा 'द लास्ट एम्परर' सिनेमा पुन्हा पाहिला. चीनचा शेवटचा सम्राट पू यी याला सुधारणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचं काम करणारा नट मनातून जात नाहीये. आवाज जराही न चढवता समोरच्याला गप्प करतो. नाव इंग रुओचंग, मूळचे बीजिंगच्या रंगभूमीवरचे, एवढं कळलं. त्यांचं आणखी काय पाहावं, काय वाचावं? मला चिनी येत नाही. आमची हौशी संस्था भाषांतरित नाटकं करते, त्या अंगानेही सुचवा.

विंगेतला:
सिनेमे नंतर. आधी चिनी लेखक लाओ श यांचं 'टीहाऊस' हे नाटक बघा. बीजिंग पीपल्स आर्ट थिएटरनं ते 1958 मध्ये रंगमंचावर आणलं आणि 1982 मध्ये त्याच संचातल्या नटांना घेऊन सिनेमा झाला. इंग यात ल्यू माझी या दलालाच्या भूमिकेत आहेत. पहिल्या अंकात, 1898 साली, तो एका गरीब शेतकऱ्याची मुलगी म्हाताऱ्या खोजाला (दरबारातल्या नपुंसक सेवकाला) विकून देतो. बाप कळवळतोय आणि हा माणूस बाजारात भाजी ठरवावी तसा भाव ठरवतोय. दुसऱ्या अंकात पळपुटा सैनिक समजून त्याचं मुंडकं उडवतात. तिसऱ्या अंकात इंगच त्याचा मुलगा होऊन येतात, आणि पोरगा बापाच्या वरताण! एकाच नटानं दोन पिढ्यांचा हलकटपणा वेगवेगळा कसा दाखवावा, हे तुमच्या नटांना जरूर दाखवा.

सुमेध_पुणे:
भाषांतराच्या अंगानं विचारताय तर 1983 चा 'डेथ ऑफ अ सेल्समन' या अमेरिकन नाटकाचा बीजिंगमधला प्रयोग सोडून चालणारच नाही. भाषांतर इंग यांचं, नाटकाचा नायक विली लोमनही तेच, आणि दिग्दर्शनाला खुद्द नाटककार आर्थर मिलर बीजिंगला आलेले. त्या तालमींवर मिलरनी 'सेल्समन इन बीजिंग' हे पुस्तक लिहिलंय, ते आधी मिळवा.

तिथे तेव्हा पाश्चात्त्य नाटक म्हटलं की सोनेरी विग आणि गोरा रंग थापायची पद्धत होती. मिलरनी ते सगळं काढायला लावलं. अमेरिकन दिसायची खटपट सोडा, माणसं खरी उभी करा, हा त्यांचा आग्रह. फिरता विक्रेता, विम्याचे पैसे, हप्त्यावरचा फ्रीज हे त्या प्रेक्षकाच्या रोजच्या जगण्यात नव्हतं. पण मुलानं नाव काढावं म्हणून झुरणारा बाप त्यांना लगेच कळला. आपल्याकडच्या रूपांतरांत नावं-गावं बदलायची घाई होते, त्यावर हे पुस्तक फार मोलाचं आहे. नट स्वतःच भाषांतरकार असला की वाक्य तोंडात बसतं की नाही हे तालमीत लगेच कळतं, हा फायदा वेगळाच.

रंगवेडी:
हे फारच कामाचं निघालं. पण त्या तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेबद्दल कोणी काही सांगेल का?

अनघा_के:
ती भूमिका पाहताना एक गोष्ट माहीत हवीच. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, 1968 मध्ये, इंग आणि त्यांची पत्नी वू शलियांग दोघांनाही अटक झाली होती. ते सुमारे तीन वर्षं आत होते. म्हणजे कैदी राहिलेला माणूस इथे तुरुंगाचा प्रमुख झालाय. सिनेमाच्या शेवटाकडे रेड गार्ड्स, म्हणजे त्या क्रांतीतली माओवादी तरुणांची टोळकी, त्याच अधिकाऱ्याची धिंड काढतात, तो प्रसंग हे कळल्यावर पुन्हा बघा. माझ्या तर अंगावर काटा आला. आणि सिनेमा 1987 मध्ये आला तेव्हा ते चीनचे सांस्कृतिक उपमंत्री होते!

त्यांचं आत्मचरित्र 'व्हॉइसेस कॅरी' इंग्रजीत आहे. क्लेअर कॉन्सिसन यांच्यासोबत केलेलं, ते 2003 मध्ये गेल्यावर 2009 साली आलं. तुरुंगाबद्दल त्यांच्याच तोंडून वाचायचं तर हेच.

विंगेतला:
पडद्यावरचं अजून हवं असेल तर 'लिटल बुद्धा'मधला लामा नोर्बू बघा, सिनेमापेक्षा ते काम सरस आहे. 'मार्को पोलो' मालिकेतला कुब्लाई खानही त्यांचाच, पण मालिका लांबलचक आहे, सवडीनं बघितली तरी चालेल. 'टीहाऊस' मात्र इंग्रजी सबटायटल्स असलेलीच प्रत घ्या. त्यात पात्रं ढीगभर आहेत, संवाद कळले नाहीत तर पहिल्याच अंकात गोंधळ उडेल.