सेंत-एतिएन : गोलाचे खांब गोल असते तर

कोळशाची वखार
पॅरिस सेंट जर्मेनवरच्या धाग्यात 'तटस्थ' यांनी लिहिले आहे की सेंत-एतिएन या फ्रेंच फुटबॉल क्लबची दहा लीग विजेतेपदे ही "एका वाण्याची मेहेरबानी आणि काळ्या पैशाची करामत" होती, आणि त्या क्लबचे चाहते एका हरलेल्या सामन्यावर अजून गळा काढतात. तिथे उत्तर दिले असते तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

कासिनो या किराणा दुकानांच्या साखळीतील कर्मचाऱ्यांनी १९१९ मध्ये क्लब काढला, हिरवा रंग त्या दुकानांचाच आणि मैदानाला नावही त्या साखळीचे संस्थापक जोफ्रुआ गिशार यांचेच, हे मी नाकारत नाही. परंतु मालकाच्या पैशाने मैदान होते, संघ होत नाही. बायर्न म्युनिककडून हरलेल्या त्या १९७६ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात खेळलेले लोपेझ, जांव्हियों, बाथेने, सांतिनी आणि लार्के ही क्लबने स्वतः घडवलेली पोरे होती. ज्या काळ्या निधीचा बोभाटा १९८२ मध्ये झाला, तो प्लातिनी आणि जॉनी रेप यांच्यासारख्या तारांकित खेळाडूंच्या काळाशी जोडलेला आहे. ते दोघे आले १९७९ मध्ये, आणि दहापैकी नऊ विजेतेपदे त्याआधीची आहेत. एवढे गणित तरी करावे.

तटस्थ
गणित केले. नऊ स्वच्छ आणि एक मळके, असे आपलेच म्हणणे झाले, त्याबद्दल आभार. अध्यक्ष रोजे रोशे यांना पुढे तुरुंगात जावे लागले आणि रक्कम सुमारे दोन कोटी फ्रँक होती, हे मात्र आपण सोयीस्करपणे गाळले. "पोरे घडवली" हेही अर्धेच सत्य आहे. सालिफ केइता १९६७ मध्ये मालीहून आला, त्याला विमानतळावर घ्यायला कोणी नव्हते, म्हणून तो पॅरिसहून टॅक्सीने थेट सेंत-एतिएनला पोहोचला आणि पाचशे किलोमीटरचे भाडे क्लबने भरले. वाण्याचा गल्ला नसता तर हे भाडे कोणी भरले असते?

गिरणगावकर
वाणी-वाणी म्हणून हिणवणे थांबवावे. मुंबईत मफतलाल आणि टाटांचे संघ होतेच की! माझे वडील एका गिरणीच्या संघातून उजव्या बगलेवर खेळत. गिरणीचे नाव घेत नाही. संघ मोडला तेव्हा भांडारपालाने बूट परत मागितले, वडिलांनी ते धुऊन, नाड्या गुंडाळून आत ठेवून दिले आणि पावती घेतली. ती पावती आमच्याकडे अजून आहे. सेंत-एतिएनमध्ये १९७३ साली कुरियो ही शेवटच्या मोठ्या खाणींपैकी एक बंद झाली आणि तीनच वर्षांनी शहराचा संघ ग्लासगोत अंतिम सामना खेळला. त्या गावाला तो संघ काय वाटला असेल, हे ज्याच्या घरी अशी पावती आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

काटकोन
सगळे बोलले, खांबांचे कोणीच बोलले नाही! ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवरचे खांब चौकोनी होते. बाथेनेचा फटका आडव्या दांडीवर आदळला, सांतिनीचा हेडरही तिथेच. गोलाकार दांडीवरून चेंडू खाली आत घसरला असता. मी २०१४ मध्ये ल्योंहून मुद्दाम सेंत-एतिएनचे संग्रहालय पाहायला गेलो. क्लबने ते खांब स्कॉटलंडहून विकत आणून ठेवले आहेत. खाली उभे राहून वर पाहिले की दांडीची कड नीट दिसते, काटकोनात, सुताराने गुण्या लावून काढावी तशी. मी तिथे अर्धा तास उभा होतो.

तटस्थ
ज्या खांबांनी घात केला तेच पैसे मोजून घरी आणायचे, याला माझ्याकडे शब्द नाही. बाथेनेचा चेंडू दांडीवरून परतल्यावर तो एर्व्हे रेव्हेलीच्या डोक्यावर आला होता आणि त्याने तो सरळ बायर्नचा गोलरक्षक मायरच्या हातात दिला. रेव्हेलीचे डोकेही चौकोनी होते काय? शिवाय दुसऱ्याच मिनिटाला बायर्नच्या म्युलरचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, आणि चित्रणात तो ऑफसाइड नव्हता असेच दिसते. बायर्नने त्यासाठी संग्रहालय बांधलेले नाही.

काटकोन
बायर्न १-० ने जिंकले, म्हणून बांधले नाही! आपण एकही सामना मैदानात बसून पाहिलेला नाही, हे आपल्या प्रत्येक वाक्यातून जाणवते.

कोळशाची वखार
काटकोन, वैयक्तिक शेरे नकोत, आणि खांबही पुरे. आमचा दुखापतग्रस्त आघाडीवीर रोशतो शेवटची जेमतेम आठ मिनिटे खेळला, हे माझ्या मते दांडीपेक्षा मोठे कारण आहे. तरीही हरलेल्या संघाची दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या शांझेलिझे रस्त्यावर मिरवणूक निघाली. तटस्थ यांना ज्याचे हसू येते ते नेमके हेच, आणि मला तो क्लब आवडतो तोही याचसाठी.

गिरणगावकर
मिरवणूक राजधानीत काढायची आणि खाणी बंद ठेवायच्या, हेही लिहा.

तटस्थ
मिरवणुकीबद्दल मी बोललोच नव्हतो, तरी असो. २०२२ मध्ये पॅरिसने दहाव्या विजेतेपदाची बरोबरी केली आणि त्याच मोसमाच्या अखेरीस सेंत-एतिएन ओसेरकडून पेनल्टींवर हरून खालच्या विभागात गेले. प्रेक्षक पेटत्या मशाली घेऊन मैदानात उतरले. तेव्हाचे खांब गोलच होते, एवढे नमूद करून ठेवतो. बाकी, घरच्या पोरांच्या बळावर मिळालेल्या विजेतेपदांबद्दल कोळशाची वखार यांचा मुद्दा मला पूर्णपणे खोडता आलेला नाही. "मेहेरबानी" हा शब्द मागे घेतो, "वाणी" ठेवतो.

काटकोन
मीही ठेवतो. बाथेनेचा फटका गोल दांडीवरूनही बाहेर आला असता, हे एक वेळ मान्य. सांतिनीचा हेडर मात्र मी सोडणार नाही.