घोणसच्या विषावर घोड्याचं रक्त अजून किती दिवस? माणसाच्या अँटीबॉडी शोधायचं काम कोल्हापुरात व्हायला हवं की नको?

करवीरकर (धागाकर्ता)

मार्च २०२४ मध्ये केंद्रानं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात म्हटलंय. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यातली. आपल्याकडं पाचटात, बांधावर, रात्री पाणी द्यायला गेलेली.

त्यांच्यासाठी आपल्याकडं असलेलं औषध १८९० च्या दशकातल्या पद्धतीचं आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रथिनं, तयार झाल्या की रक्त काढून त्या वेगळ्या करायच्या. पण त्या घोड्यानं जन्मात जे जे जंतू पाहिले, त्या सगळ्यांविरुद्धच्या अँटीबॉडीही त्यात येतात. विषाला धरणाऱ्या त्यातल्या थोड्याच. बाकीचं घोड्याचं प्रथिन विनाकारण रुग्णाच्या शिरेत जातं. मग अंगावर गांधी, हुडहुडी, बीपी कोसळणं.

दरम्यान विज्ञान कुठल्या कुठं गेलं. आपल्या प्रत्येक बी पेशीच्या (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) अंगावर एकाच प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे परक्या पदार्थाला धरणारी प्रथिनं असतात आणि त्यांचंच सुटं रूप पेशीनं रक्तात सोडलं की आपण त्याला अँटीबॉडी म्हणतो. थोड्याशा जनुकांच्या तुकड्यांची फेरजुळणी करून शरीर अगणित प्रकारचे रिसेप्टर कसे घडवतं, हे दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. आता हे रिसेप्टर थेट वाचता येतात. नाहीतर प्रयोगशाळेत अब्जावधी अँटीबॉडी यीस्टच्या पेशींवर उभ्या करून विषाला घट्ट धरणारी तेवढी निवडता येते. बंगळुरूच्या आयआयएस्सीतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेसोबत अशीच '९५मॅट५' ही अँटीबॉडी शोधली, २०२४ मध्ये. मण्यारीच्या कुळातला एक साप, नागाचा एक भाऊबंद आणि आफ्रिकेतला काळा माम्बा, तिघांच्या विषापासून उंदीर वाचले.

माझं म्हणणं असं, की शिवाजी विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्या-तालुक्यात सर्पमित्र आहेत. राज्यानं इथं पैसा घालावा. इथल्या सापांचं विष, इथल्या वाचलेल्या माणसांच्या बी पेशी आणि त्यातून माणसाच्या अँटीबॉडी. तुम्हाला काय वाटतं?

डोंगरी दवाखाना

असहमत. जरा रागानंच लिहितोय, राग मानू नका. मी डोंगराळ तालुक्यात सरकारी नोकरीत आहे.

फडातला गडी येतो. घोट्यावर दोन दातांच्या खुणा, पाय पोटरीपर्यंत टम्म, हिरड्यांतून रक्त. मी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतो आणि २० मिनिटं तिला हात लावत नाही. मग एकदाच आडवी करतो. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठण्याची क्रिया बिघडलीय, आपल्या भागात म्हणजे घोणस. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून शेजारी ॲड्रेनालिन भरून ठेवायचं आणि दहा बाटल्या एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) सलाइनमधून सुरू करायची. सहा तासांनी पुन्हा नळी. बहुतेकांचं रक्त गोठायला लागतं. हेच ते तुमचं घोड्याचं औषध.

जे जातात ते का जातात? आधी भगत, मग गावातला एक दवाखाना, तिथून पुढं दुसरा, आणि माझ्याकडं येईपर्यंत पहाटेचे चार. तोवर लघवी बंद झालेली असते. विषानं मूत्रपिंड गेलं की कुठलीच अँटीबॉडी, घोड्याची असो वा माणसाची, ते परत आणत नाही. पैसा आहे ना? मग प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एएसव्ही आणि ती द्यायला न घाबरणारा डॉक्टर ठेवा.

करवीरकर

डॉक्टर, तुमच्या दहा बाटल्यांचाच हिशेब करू. एएसव्हीच्या एका मिलीनं घोणसचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं. दहा बाटल्या म्हणजे १०० मिली, म्हणजे ६० मिलिग्रॅम. एक घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असं धरलं जातं. काठावरचा हिशेब आहे हा! शिवाय बहुतेक विष येतं तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून. घोणसचं विष मुलखागणिक बदलतं. तिकडच्या घोणसवर बेतलेलं औषध राधानगरीच्या घोणसवर तितकंच चालतं हे आपण गृहीत धरून चाललोय.

डोंगरी दवाखाना

मग इथल्या घोणसचं विष घोड्याला टोचा की. त्याला नोबेलवालं विज्ञान कशाला लागतं? हाफकिनसारखी संस्था आपल्या राज्यात आहे. हे काम पुढच्या पाच वर्षांत होण्यासारखं आहे, तुमच्या अँटीबॉडीचं नाही.

जीवतंत्र

मूळची गडहिंग्लजची, सध्या हैदराबादला अँटीबॉडीच्याच कामात. करवीरकरांचा उत्साह मला मनापासून आवडला, पण एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. ९५मॅट५ नाग-मण्यार कुळातल्या सापांच्या एकाच जातीच्या चेताविषाला (मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषाला) धरते. घोणसच्या बाबतीत तिचा उपयोग शून्य. घोणसचं विष म्हणजे वेगवेगळ्या विकरांचा (एन्झाइमांचा) जमाव. कुणी रक्तवाहिन्यांच्या भिंती फाडतं, कुणी रक्त गोठवणारी प्रथिनं संपवून टाकतं, कुणी पेशींचं आवरण तोडतं. प्रत्येकाला वेगळी अँटीबॉडी लागेल. आपल्या मण्यारीवरसुद्धा ती एकटी पुरणार नाही, कारण तिच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन मज्जातंतूच्या टोकावर हल्ला करतं आणि ते या अँटीबॉडीच्या आवाक्यात येत नाही.

तरीही मी करवीरकरांच्या बाजूनं आहे, ते रेबीजमुळं. कुत्रा चावल्यावर आपण वर्षानुवर्षं घोड्याचं नाहीतर माणसाच्या रक्तातून काढलेलं सीरम देत होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, एकाच साच्याच्या) अँटीबॉडीला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. आज ती जखमेत टोचली जाते आणि तिला घोडा लागत नाही. रेबीजला एकच प्रथिन अडवायचं असतं आणि घोणसला पाच-सात, हे मान्य. म्हणून वेळ जास्त लागेल. आज सुरुवात केली नाही, तर वीस वर्षांनी आपली पोरं हाच धागा पुन्हा काढतील.

सर्पमित्र आजरा

मी शिकलेला न्हाई जास्त, पण साप धरतोय लई वर्षं. दोन गोष्टी सांगतो.

एक, आमच्याकडं चापडा चावतो. हिरवा, झाडावर बसणारा. एएसव्ही चार सापांवरची हाय, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापडा त्यात न्हाई. माणूस मरत न्हाई शक्यतो, पण हात सुजून महिनाभर काम बंद. त्याचा विचार कुणी करत न्हाई.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्या अमेरिकेतल्या बाबाची बातमी, अठराएक वर्षं स्वतःला विष टोचून घेतलं म्हणणारा, ती आमच्या पोरांच्या मोबाइलवर फिरत्या. एकानं मला इचारलं, "दादा, आपण बी थोडं थोडं घ्यायचं काय?" मी त्याला झापला. तुम्ही शिकलेल्या लोकांनी असलं लिहिताना खाली मोठ्या अक्षरात लिवा, कुणी करू नका म्हणून.

जीवतंत्र

दादा, अगदी बरोबर झापलंत. त्या टिम फ्रीडेच्या रक्तातून दोन अँटीबॉडी मिळाल्या, त्यांना वारेस्प्लाडिब नावाच्या औषधाची जोड दिली आणि मे २०२५ मध्ये ते छापून आलं. १९ सापांपैकी १३ च्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले, बाकी सहांपासून काही प्रमाणात. पण ते सगळे नागाच्या कुळातले. घोणस त्यात नाही, चापडाही नाही. आणि आता यीस्टवर निवड करता येत असताना कुणीही स्वतःला विष टोचून घेण्याची विज्ञानाला काडीची गरज नाही.

उसाच्या गावची

मला विज्ञानातलं सगळं कळलं असं नाही, पण "वाचलेल्या माणसांच्या बी पेशी" हे वाचून थांबले. वाचलेली माणसं कोण? ऊसतोड टोळीतली बाई, बीडहून आलेली, उचल फिटायची बाकी. तिच्या दंडातून नळी भरून रक्त घेणार, त्यातून औषध निघणार, कंपनी ते विकणार. तिला काय? संमतीपत्र इंग्रजीत असेल आणि अंगठा तिचा. संशोधनाला माझा विरोध नाही. पण पहिल्या कागदावर हे लिहिलेलं हवं, की यातून जे औषध निघेल ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल.

आणि शेतीपंपाला दिवसा वीज द्या. रात्री बारानंतर पाणी पाजायला जावं लागलं नाही तर निम्मे दंश कमी होतील, असं माझं ठाम मत आहे.

करवीरकर

ताई, संमतीचा आणि फुकट औषधाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो माझ्या मागणीत घालतो. दिवसा विजेचाही. पण म्हणून संशोधन नंतर, हे मला पटत नाही. कोल्हापूरनं कायम दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतून येईल त्या औषधाची वाट बघत बसायचं, हे का? निदान घोणसचं स्थानिक विष आणि वाचलेल्यांचे नमुने नीट साठवायला तरी सुरुवात करू. अँटीबॉडी पुढं कुणीही शोधो. डॉक्टर, नमुने तुमच्याकडूनच मिळतील. रक्त कधी घ्यावं लागेल, जीवतंत्र?

जीवतंत्र

शरीर नव्या विषाला उत्तर देत असतं तेव्हा ताज्या, कामाला लागलेल्या बी पेशी रक्तात साधारण सातव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक सापडतात. नंतर विषाची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी उरतात, त्या महिन्याभरानंही घेता येतील, पण तोवर टोळी दुसऱ्या गावी गेलेली असणार. शिवाय एएसव्ही लवकर दिली की शरीराला विष फार वेळ दिसतच नाही, त्यामुळं काही नमुन्यांतून हाती काही लागणारही नाही.

डोंगरी दवाखाना

सातव्या दिवशी माझा घोणसचा रुग्ण बहुतेकदा घरी गेलेला असतो. नाहीतर मोठ्या रुग्णालयात डायलिसिसवर असतो. घरी गेलेल्याकडं मी आशाताईला पाठवून विचारीन, ताईंनी म्हटलेला कागद मराठीत मिळाला तर. डायलिसिसवरच्या माणसाकडं संशोधनासाठी रक्त मागणार नाही, आणि कुणी मागितलं तर मी आडवा येईन.