मेलेल्या घुशीवरच्या पिसवा अन् आमच्या मोत्याच्या पिसवा एकच का?

संत्राबर्फी: काटोल रोडला मामेभावाचा संत्र्याचा बगीचा आहे. काल बांधाजवळ घूस मरून पडली होती, अजून कोमट. काडीनं उलटवली तर पोटाच्या केसांतून पिसवा टणाटण उडाल्या, दोन माझ्या पायजम्यावर! एक चिकटपट्टीवर धरून ठेवली. मोत्याच्याच तिकडं गेल्या काय?

बिळातला: भाऊ, आधी पायजमा उकळत्या पाण्यात टाका. जनावर गार पडलं की पिसू दुसरं अंग शोधते, प्लेग असाच पसरायचा. आता भिंग घ्या. गालाखाली काळ्या दातांचा कंगवा दिसला तर कुत्र्या-मांजराची, क्टेनोसेफॅलिडीस. कंगवा नसेल तर बहुधा झेनोप्सायला, उंदीर-घुशींवरची. त्यातल्या चिओपिस जातीला १९०३ मध्ये पिसूतज्ज्ञ रॉथ्सचाइल्डनं पिरॅमिडवाल्या राजाचं नाव दिलं. काय थाट पाहा पिसवेचा!

संत्राबर्फी: कंगवा नाही बाप्पा! पण मग माकडांवर इतक्या का नसतात?

बिळातला: पिसवेची अळी अंगावर नाही, बिळात वाढते. मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं सुकलेलं रक्त खाते. माकड रोज झाड बदलतं, अळीला घर कुठलं? घुशीचं बीळ मात्र कायमचं. म्हणून नुसता यजमान, म्हणजे पिसू ज्याच्या अंगावर राहते तो प्राणी, नाही, त्याचं अंथरूणही पाहावं लागतं.

गोधडी: चिकटपट्टीवर पिसवेचे पाय तुटतात. पुढच्या वेळी सत्तर टक्के अल्कोहोलची कुपी ठेवा, आत पेन्सिलनं यजमान, जागा, तारीख लिहून. शाई विरघळते.