तैनातीहून परतलेल्या जवानाची मानसिक तपासणी सक्तीची असावी का?

धागाकर्ता : मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न ४१ राष्ट्रीय रायफल्ससारख्या दहशतवादविरोधी तुकडीत काश्मीरमधला कार्यकाळ पुरा करून जवान मूळ पलटणीत परततो, तेव्हा त्याची मानसिक तपासणी सक्तीने व्हावी आणि काही महिन्यांनी ती पुन्हा व्हावी, असे माझे मत आहे. इराकहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवरील २००७ च्या अभ्यासात, परतताच भरून घेतलेल्या प्रश्नावलीपेक्षा नंतरच्या फेरतपासणीत त्रस्त सैनिक बरेच अधिक आढळले. यात नवल नाही. ज्याचे लक्ष सुटीच्या तिकिटाकडे लागले आहे, तो ‘झोप नीट लागते का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहून मोकळा होतो. रात्री दचकून उठणे, मुलांवर विनाकारण खेकसणे हे घरच्यांना पुढे दिसू लागते.

प्रतिसाद १ : असहमत. अफगाणिस्तानातून परतलेल्या दहा हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिकांपैकी काहींना मानसिक तपासणीच्या प्रश्नावलीतील त्यांच्या उत्तरांनुसार नेमका सल्ला आणि इतरांना केवळ सर्वसाधारण माहिती देण्यात आली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेला निष्कर्ष असा की, पुढे आजाराच्या प्रमाणात किंवा मदत घेण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. शिवाय आपल्या सैन्याच्या ‘शेप’ या वैद्यकीय पात्रता वर्गीकरणातील ‘एस’ म्हणजे मानसिक अवस्था, आणि श्रेणी घसरली की बढती अडते. हवालदारकी तोंडावर आलेला नाईक खरे कशाला लिहील? बहुसंख्य जवान उपचारांविना, सोबत्यांच्या आधाराने सावरतात. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये सुरू झालेल्या, सोबत्याने सोबत्याचा मानसिक ताण ओळखण्याच्या ‘ट्रिम’ पद्धतीप्रमाणे त्या सोबत्यांनाच प्रशिक्षण द्यावे.

प्रतिसाद २ : सोबत्यांचा मुद्दा पटतो, परंतु राष्ट्रीय रायफल्समधून अख्खा सेक्शन (लहान तुकडी) एकत्र परतत नाही, जो तो आपापला कार्यकाळ संपवून निघतो. ज्यांच्यासमवेत त्याने घेराबंदी केली, ते मागेच राहतात. गावी तर भाऊबंदकीतला सात-बारा वाट पाहत असतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी टेली-मानस (दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याची मदत देणारा) कक्ष आहे; त्याची माहिती सुटीच्या कागदासोबत जवानाच्या पत्नीलाही द्यावी.

धागाकर्ता : ब्रिटिश प्रयोगात सल्ला संगणकाच्या पडद्यावर मिळत होता, तर अमेरिकी फेरतपासणीत वैद्यकीय अधिकारी सैनिकाशी बोलत होता. हा भेद मला निर्णायक वाटतो. बढतीची भीती रास्त आहे. म्हणून उत्तरे मनोविकारतज्ज्ञापाशीच राहावीत, जिवाला धोका दिसल्यासच ती पलटणीला कळावीत.

प्रतिसाद १ : तो धोका ठरवणारा तज्ज्ञही गणवेशातलाच असेल, तर जवान त्याच्यापुढे तरी मन मोकळे करील, हे कशावरून?