‘२०१८ नंतरचे सर्वाधिक उत्पादन’ : पण २०१८ च का?

मांडवीकाठ

या चर्चामंचावर पोलाद उद्योगाच्या धाग्यात ‘लोहमार्ग’ यांनी काल ब्राझीलच्या ‘वाले’ या खाण कंपनीचे २०२४ चे उत्पादन दिले आहे : लोहखनिज ३२.८ कोटी टन, तांबे ३ लाख ४८ हजार टन, निकेल १ लाख ६० हजार टन. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ही एकटी कंपनी अख्ख्या भारतापेक्षा जास्त लोहखनिज काढते, २०१८ नंतरचे हे तिचे तोवरचे सर्वाधिक उत्पादन होते, आणि आपल्याकडे मात्र प्रत्येक खाणीला कोणी ना कोणी आडवे येते. तिथेच चार ओळींत उत्तर देणार होते, पण लिहिता लिहिता ते लांबत गेले, म्हणून हा वेगळा धागा काढला आहे.

‘२०१८ नंतरचे’ या शब्दांपाशी मी अडले. २०१८ साली या कंपनीने सुमारे ३८.५ कोटी टन काढले होते आणि पुढच्या वर्षासाठी ४० कोटींचा बेत होता. प्रत्यक्षात २०१९ साली ३०.२ कोटी टनच निघाले. मधल्या काळात डोंगरातले खनिज संपले नव्हते आणि चीनची मागणीही आटली नव्हती. २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास मिनास जेराइस राज्यातील ब्रुमादिन्यू येथे, खनिज धुतल्यानंतर उरणारा गाळ साठवण्याचे धरण फुटले आणि २७० माणसे मेली. धरणाच्या खालच्या अंगाला कंपनीचेच जेवणघर होते, वेळ जेवणाची होती, आणि धोक्याचा भोंगा वाजला नाही.

त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, त्या धरणात २०१६ पासून नवा गाळ टाकणे बंद होते. ज्या गाळाखाली माणसे गाडली गेली तो २०१८ च्या विक्रमाचा नव्हता. तो त्याआधीच्या चाळीस वर्षांचा होता, आणि त्या वर्षांचे टन केव्हाच मोजून, विकून, त्यांचा नफा वाटून झाला होता. उत्पादनाचे खाते दर ३१ डिसेंबरला बंद होते, गाळाचे होत नाही. दर टनामागे किती माती आणि किती गाळ निघाला आणि तो कुठे ठेवला आहे, हा रकाना त्याच तक्त्यात येत नाही तोवर नुसत्या टनांना यश म्हणायला माझा विरोध आहे.

लोहमार्ग

माझ्या लेखनावर एवढा विचार झाला याबद्दल आभार, पण मांडणी एकांगी आहे. मी सव्वीस वर्षे भिलाईत झोतभट्टीच्या कच्च्या मालाचे काम पाहिले आहे. एक टन पोलादाला सुमारे दीड टनाहून अधिक खनिज लागते. ते वेळेवर आले नाही तर भट्टी दिवा मालवावा तशी मालवता येत नाही. त्यामुळे उत्पादनाचा अहवाल हा आमच्यासारख्यांसाठी पुरवठ्याचा अंदाज असतो आणि त्याने तेवढेच काम करावे.

दुसरे असे की, त्या ३२.८ कोटींतील मोठा वाटा ब्राझीलच्या उत्तरेकडच्या काराजास या खाणपट्ट्याचा आहे. तिथल्या खनिजात ६५ टक्क्यांच्या आसपास लोह असते, त्यामुळे ते बहुतांशी न धुता, नुसते फोडून आणि चाळून पाठवता येते. तिथल्या एस-११-डी या एकाच खाणीने २०२४ मध्ये ८ कोटी टनांहून अधिक खनिज दिले, आणि त्या खाणीला गाळाच्या धरणाची गरजच नाही. ब्रुमादिन्यूसारख्या पद्धतीने उभारलेली कंपनीची निम्म्याहून अधिक धरणे आता मोडली गेली आहेत. फुटलेले धरण मुळात १९७६ चे, दुसऱ्या कंपनीने बांधलेले होते आणि ‘वाले’कडे ते २००१ मध्ये आले. यातले काहीच आपण सांगितले नाही.

मांडवीकाठ

काराजासचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी मांडायला हवा होता. पण २००१ चा मुद्दा मला मान्य नाही. खाण विकत घेतली की तिचे खनिज जसे आपले होते, तसा तिचा गाळही आपला होतो. शिवाय काराजासमध्ये धुण्याची गरज नाही हे निसर्गाचे देणे आहे. मिनास जेराइसमध्ये गाळ निघतच राहणार, म्हणून तर दोन्हीकडचे टन एकाच बेरजेत घातलेले मला खटकतात.

काटेकोर

दोन्ही बाजूंनी ३२.८ कोटी हा आकडा स्वयंसिद्ध मानला आहे, म्हणून लिहितो. त्यात कंपनीने इतरांकडून विकत घेतलेले खनिजही धरलेले असते. उलट, सामार्को या संयुक्त कंपनीत ‘वाले’ची निम्मी भागीदारी असूनही तिचे उत्पादन त्यात धरलेले नसते. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियानाजवळ धरण फुटून १९ माणसे मेली, ते सामार्कोचेच. तो गाळ रिओ दोसी नदीतून थेट समुद्रापर्यंत गेला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाले’चे मूळ नाव याच नदीच्या खोऱ्यावरून ठेवलेले होते.

आता तुलनेविषयी. रिओ टिंटो ही खाण कंपनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा या खाणप्रदेशाचा आकडा देते तेव्हा त्यात भागीदारांचा वाटाही शंभर टक्के धरते आणि वजन ओल्या खनिजाचे सांगते. बीएचपी या दुसऱ्या मोठ्या खाण कंपनीचे वर्ष जूनअखेर संपते. भारताचा २०२३-२४ चा सुमारे २७.७ कोटी टनांचा आकडा मार्चअखेरचा आहे. ‘अख्ख्या भारतापेक्षा जास्त’ हे खरे असले तरी या आकड्यांवरून शर्यत लावू नये, कारण प्रत्येकाची धाव वेगळ्या रेषेपासून सुरू होते.

सावर्डेचा टिपरवाला

मी धातूशास्त्र शिकलेलो नाही. पण ‘टनांना यश म्हणायला विरोध’ हे वाचून राहवले नाही. २०१० साली घर गहाण ठेवून मी खनिज वाहणारे दोन टिपर ट्रक घेतले. त्या काळी गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. खाणीवरून जुवारीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रिपा मारायच्या, आणि जितक्या ट्रिपा तितकी कमाई. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एक टिपर कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेला. दुसरा मी सोडवून घेतला, २०१५-१६ मध्ये थोडा चालवला, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींची लीजेसच रद्द होऊन मार्चमध्ये काम थांबल्यावर तो चिंचेखाली उभा राहिला. टायर उन्हाने फुटले, बॅटरी चोरीला गेली, शेवटी भंगारवाल्याने तो किलोच्या भावाने घेतला.

लिहिणाऱ्यांना बंदी म्हणजे नदी स्वच्छ झाली असे वाटते. आमच्या वाड्यावर बंदी म्हणजे मुलीचे कॉलेज एक वर्ष मागे पडले. ब्राझीलमध्ये एवढे मोठे संकट येऊनही कंपनी ३० कोटी टनांच्या खाली गेली नाही, आणि आमच्याकडे एका निकालाने सगळे शून्यावर आले. हा फरक का, हे कोणीतरी सांगावे.

रानवाटा

टिपरवाले भाऊ, तुमचे नुकसान खरे आहे, पण गोष्ट अर्धी सांगितलीत. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. आमचे शेत खाणीच्या डंपच्या, म्हणजे उपसलेल्या मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी आहे. गोव्यात एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसावी लागते, आणि ती माती कुठे तरी रचावीच लागते. ती आमच्या डोक्यावर रचली. दर जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीबरोबर लाल चिखल उतरायचा आणि सरद, म्हणजे पावसाळी, शेत झाकून टाकायचा. खड्डा भूजलाच्या खाली गेला, रात्रंदिवस पंप चालू राहिले आणि शेताच्या वरचा झरा आटला. झरा गेल्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची झऱ्याच्या पाण्यावरची, शेतीही गेली. सासूबाई शेवटपर्यंत विकतच्या तांदळाला ‘परका तांदूळ’ म्हणत.

तुमच्या त्या ट्रिपा आमच्या रस्त्यावरूनच जात होत्या. ताडपत्री न घातलेले, एकमेकांना मागे टाकत पळणारे टिपर आणि पोरांना शाळेत सोडायला गेलेल्या बायका, हे दृश्य मी रोज पाहिले आहे. ‘जितक्या ट्रिपा तितकी कमाई’ हे तुम्ही लिहिलेत. त्याचा अर्थ काय होता तो आम्हाला विचारा.

सावर्डेचा टिपरवाला

ताई, वेगाचा दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही, दर ट्रिपेवर ठरत होता. आणि त्या शेतांची नुकसानभरपाई दरवर्षी खाणीच्याच पैशांतून येत होती. ती घेताना कोणी नको म्हटल्याचे मला आठवत नाही.

रानवाटा

हे वाक्य मागे घ्या. आम्ही भरपाई मागितली नव्हती, शेत मागितले होते. मिळालेल्या पैशांत वर्षाचा तांदूळही येत नसे. ज्याचे घर जळते त्याला चटईपुरते पैसे मिळाले, म्हणून त्याने घर विकले असे होत नाही.

सावर्डेचा टिपरवाला

मागे घेतो. रागाच्या भरात लिहिले. पण कर्जाचा प्रश्न आहे तिथेच आहे.

मांडवीकाठ

माझ्या धाग्यावर गोव्याचा विषय असा पुढे गेला याचे मला वाईट वाटत नाही, कारण मी स्वतः डिचोलीची आहे आणि कदाचित त्यामुळेच ब्राझीलच्या आकड्यांवर इतकी अडले. टिपरवाल्यांना माझे उत्तर असे की, फरक खड्ड्यांच्या संख्येत आहे. ‘वाले’ची दक्षिणेतली काही कामे बंद पडली तरी उत्तरेत ८९२ किलोमीटरचा स्वतःचा लोहमार्ग आणि स्वतःचे बंदर चालूच होते. बाजारात खनिज कमी पडल्यामुळे २०१९ च्या जुलैमध्ये भाव टनाला १२० डॉलरच्या वर गेला, म्हणजे उरलेल्या टनांना जास्त दाम मिळाला. मोठ्या कंपनीला एका ठिकाणचा धक्का दुसऱ्या ठिकाणी पचवता येतो. सावर्ड्याच्या माणसाकडे दुसरे ठिकाण नसते. तुमचे नुकसान न्यायालयामुळे झाले असे मला वाटत नाही. ज्यांनी पाच कोटी टनांपर्यंत धावू दिले आणि तुम्हाला कर्जावर गाड्या घ्यायला लावल्या, त्यांच्यामुळे ते झाले.

आणि एक गोष्ट गोव्यातच घडली. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. किती टन काढायचे हे विकत घेणाऱ्यावर न सोडता जमीन, रस्ते आणि पाणी किती सोसतील यावर ठरवण्याचा तो प्रयत्न होता. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत टन नेहमी लक्ष्य म्हणून येतात. इथे ते मर्यादा म्हणून आले.

लोहमार्ग

ती मर्यादा मनमानी होती असे माझे आजही मत आहे. सगळ्या राज्याला एक आकडा लावण्याऐवजी प्रत्येक खाणीची वहनक्षमता तपासायला हवी होती.

मांडवीकाठ

प्रत्येक खाणीची तपासणी कोणी करायची? ब्रुमादिन्यूचे धरण स्थिर असल्याचे प्रमाणपत्र २०१८ च्या सप्टेंबरमध्ये एका नामांकित जर्मन तपासणी कंपनीने दिले होते. चार महिन्यांत धरण गेले. तपासणारा ज्याच्याकडून पैसे घेतो त्याचीच खाण तपासतो, तोवर ढोबळ का होईना पण बाहेरून घातलेली मर्यादा मला जास्त विश्वासाची वाटते.

पर्थवासी

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीच्या रेल्वेवर काम करतो, म्हणून एकच भर घालतो. ‘मांडवीकाठ’ म्हणतात त्यानुसार ‘वाले’च्या आकड्यांत निदान खड्डा तरी दिसतो : ३८.५ वरून ३०.२. इकडे २४ मे २०२० रोजी रिओ टिंटोने पिलबारातील जुकान खोऱ्यातली शैलाश्रये सुरुंगाने उडवली. तिथे माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपर्यंतच्या खुणा होत्या आणि पुतु कुंती कुर्रामा व पिनिकुरा लोकांसाठी ती पवित्र जागा होती. संसदेची चौकशी झाली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघांना पद सोडावे लागले. पण त्या वर्षीची पिलबाराची निर्यात ३२.७ कोटींवरून ३३.१ कोटी टनांवर गेली. तक्ता पाहणाऱ्याला त्या वर्षी काही घडले आहे अशी शंकाही येणार नाही.

मला या कामाचा अभिमान आहे, माझे घर त्यावर चालते. तरीही त्या खोऱ्याजवळच्या मार्गावरून जाताना आमच्या डब्यात कोणी बोलत नाही, हे मी पाहिले आहे.

लोहमार्ग

जुकानचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे, हे कबूल करतो. उत्पादन अहवालाने पुरवठ्याचे काम करावे हे माझे म्हणणे मी सोडत नाही, आणि खाणींना सरसकट विरोध करणाऱ्यांविषयीची माझी तक्रारही कायम आहे. पण ‘२०१८ नंतरचे सर्वाधिक’ हे शब्द मी अहवालातून जसेच्या तसे उचलले आणि २०१९ साली काय झाले ते माहीत असूनही लिहिले नाही. मूळ लेखनात त्या ओळीखाली ब्रुमादिन्यूची तारीख आणि २७० हा आकडा आज जोडला आहे. टनांशेजारी गाळाचा रकाना हवा, हेही मान्य करतो. मात्र तो सर्व कंपन्यांना एकाच मोजमापाने लागू व्हायला हवा, नाहीतर ‘काटेकोर’ म्हणतात तसाच घोळ तिथेही होईल.

काटेकोर

गाळ ओला मोजायचा की कोरडा, हे आधीच ठरवावे. पाण्यासकट घनमीटर आणि कोरडे टन यांत एवढे अंतर असते की ज्याला जे लहान दिसेल तेच तो छापेल.

सावर्डेचा टिपरवाला

रानवाटाताई, एक विचारायचे होते. २०१८ पासून तुमच्याकडची खाण बंद होती. मग झरा परत आला का?

रानवाटा

दोन पावसाळे काहीच नव्हते. पंप थांबल्यामुळे खड्ड्यात पाणी भरत गेले आणि २०२१ च्या डिसेंबरात झऱ्याच्या जागी माती ओली दिसू लागली. पुढच्या वर्षी करंगळीएवढी धार आली. आम्ही चिखल खरवडून दोन कुणगे, म्हणजे भातशेताचे छोटे तुकडे, मोकळे केले आणि वायंगण लावले, साडेतीन पोती भात झाले. आता लिलावानंतर आमच्या भागातही पुन्हा काम सुरू होईल असे सांगतात, आणि काम म्हटले की आधी खड्ड्यातले पाणी उपसणार. यंदाही मी तेच दोन कुणगे लावले आहेत.