अनुभव धागा: यंत्र वर्गात आलं, पण शिकवण्यात कधी आलं?

खडू_डस्टर

आमची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. (कुशीत म्हणजे एसटी शेवटच्या थांब्यावर सोडते आणि पुढे दोन किलोमीटर चढण.) जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला आणि पाठोपाठ डिजिटल शाळांची लाट आली. शहापूरकडच्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून आलेले शिक्षक नुसते भारावलेले असायचे. मग आम्हीही लोकवर्गणी काढली. निम्म्याहून जास्त पैसे मुंबईत माथाडी म्हणून राबणाऱ्या गावकऱ्यांचे. प्रोजेक्टर आला, नारळ फुटला, फोटो निघाले.

पुढचं दीड वर्ष मी त्यावर कवितांचे व्हिडिओ लावून मागे बसून पोषण आहाराची नोंदवही भरत होते. हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.

गाडी रुळावर आणली ती मटकीनं. काचेच्या ग्लासात कडेनं ओला टिपकागद लावला, कागद आणि काच यांच्यामध्ये पाच मटक्या अडकवल्या. समोर दोन विटांच्या फटीत माझा फोन. दर तासाला घंटा झाली की ज्याची पाळी असेल त्यानं एक फोटो काढायचा. तीन दिवसांचे चोवीस फोटो जमले, ते पडद्यावर भराभर पुढे सरकवले. कोंब म्हणजे पान, असं सगळे ठामपणे सांगत होते. प्रत्यक्षात आधी बाहेर पडलं ते मूळ, आणि बाहेर येताच वळून खाली निघालं. “मागं न्या, मागं न्या” म्हणत पोरांनी ते नऊ वेळा बघितलं. पाचची घंटा आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाची घंटा यांच्यामध्ये मात्र मूळ टुणकन उडी मारायचं. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, रातचं फोटू कुठं हाईत?”

रात्री मी कराडला घरी असते. काय सांगणार?

तर, तुमचं लिहा. यंत्र आलं त्या दिवसाचं नको, उद्घाटनाचे फोटो तर मुळीच नकोत. ते शिकवण्यात मिसळलं तो दिवस सांगा. मिसळलं नसेल तर तेही चालेल.

शिरोलंब

लातूर जिल्हा, अनुदानित शाळा, आठवीला गणित. नावावरून कळलंच असेल की माझं घोडं कुठे अडलं होतं.

वीस वर्षं मी फळ्यावर एकच त्रिकोण काढत आलो: पाया आडवा, टोक वर, नीटनेटका लघुकोन. त्यात तीन शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब), मधोमध ते मिळतात तो शिरोलंबसंपात बिंदू O. साहजिकच पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की O कायम पोटातच असतो. विशालकोन त्रिकोण दिला की पाया वाढवायचा सोडून पट्टी कशीतरी तिरकी धरून शिरोलंब आत कोंबायचे.

जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, एकदा घेतलं की नेट लागत नाही. पहिल्या वर्षी मीच शिरोबिंदू ओढत गेलो, O बाहेर गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी खूश. आठवड्यानं चाचणी घेतली तर शिरोलंब पुन्हा आतच! जादूचा प्रयोग बघून घरी गेली होती पोरं.

दुसऱ्या वर्षी क्रम उलटा केला. दोन तास वहीत, गुण्यानं, प्रत्येकाचे चार त्रिकोण. O कुठे पडेल ते आधी पेन्सिलीनं लिहायचं. तिसऱ्या तासाला लॅपटॉप उघडला, माउस एका मुलाच्या हाती आणि हुकूम बाकीच्यांचे. “काटकोन कर!” तर O नेमका काटकोनाच्या शिरोबिंदूवर जाऊन बसला. मग तो पठ्ठ्या शिरोबिंदू पायाच्या दिशेनं दाबत गेला, त्रिकोण चपटा होत गेला आणि मागून आरोळी आली, “सर, ओ पळाला!” पडद्यावर कुठेच नाही. चित्र लहान करत करत शोधला, तर लांब वर सापडला. “अजून दाबला तर?” हा प्रश्न मी विचारायच्या आत तिघांनी विचारला.

मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा) मिळतात त्या मध्यगासंपात बिंदूला हीच पोरं “हा काही पळत नाही, भित्रा आहे” म्हणाली. तो आतच राहतो. का राहतो, यावर आमचा आणखी एक तास गेला. अभ्यासक्रम मागे पडला तो पडलाच, खोटं कशाला बोलू.

लिंक_भरा

माझ्या फोनमध्ये शाळेची अकरा ॲप्स आहेत. त्यातलं शिकवण्याचं एक. बाकीची हजेरीची, आहाराची, प्रशिक्षणाची, आणि प्रशिक्षण घेतल्याचा फोटो टाकण्याची.

स्मार्ट टीव्ही आहे. चोरीला गेला तर पगारातून वसुली होईल असं तोंडी बजावलेलं आहे (लेखी कोण देतंय). म्हणून दर शनिवारी आम्ही दोघं तो भिंतीवरून काढून चादरीत गुंडाळून सरपंचांच्या घरी ठेवतो, सोमवारी परत लावतो. मागच्या वर्षी बिल थकलं म्हणून चार महिने मीटर बंद होतं. तेव्हा टीव्ही तिकडेच राहिला.

ज्यांना जमतंय त्यांचं कौतुक आहेच. पण “शिक्षकांची मानसिकता” हा शब्द पुन्हा ऐकला तर मी ही चादर त्या वक्त्याला पाठवणार आहे.

खडू_डस्टर

चार महिने सरपंचांकडे! क्रिकेट?

लिंक_भरा

अख्खी आयपीएल, ताई.

जुना_मास्तर

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बोलतो. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी, म्हणजे मुलांसाठी टीव्हीवरचे शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था, सुरू झाली. पुढे आमच्याही शाळेला टीव्ही मिळाला. तो राहायचा मुख्याध्यापकांच्या खोलीत, लाकडी कपाटात, कुलपाआड. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई टपाल घेऊन तालुक्याला. कार्यक्रमाची वेळ आणि माझी भूगोलाची तासिका कधी जुळलीच नाही. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाल्याचं पेपरात वाचलं तेव्हा मला आधी ते कपाट आठवलं.

वेतनवाढ अडू नये म्हणून पन्नाशीनंतर एमएस-सीआयटी केलं. शिकवायला माझाच जुना विद्यार्थी, ज्याला मी पाढ्यांसाठी अंगठे धरून उभं केलेलं. मी माउस हवेत उचलून पडद्याकडे रोखला होता. तो हसला नाही. म्हणाला, “गुरुजी, काहीही दाबा, मोडत नाही.” हे वाक्य मी त्याला पाढ्यांच्या वेळी कधी म्हटलं नव्हतं.

गाविलगड

मेळघाट. पहिलीची मुलं घरी कोरकू बोलतात, पुस्तक मराठी. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा शाळकरी मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पाड्यावर चालू टीव्ही दोन. एका घराच्या ओट्यावर सहा जणांना लांब लांब बसवायचो. कार्यक्रम चांगला होता, पण पहिलीवाले चित्रं बघत आणि शब्द सोडून देत.

म्हणून सातवीच्या दोन मुलींना फोन दिला. चित्र दाखवायचं, आधी कोरकूत नाव, जरा थांबायचं, मग मराठीत. कोंबडी, पाणी, झाड, कुऱ्हाड, असे साठेक शब्द. रेकॉर्डिंग मेमरी कार्डात भरून पाड्यावर फिरवलं, नेटचा प्रश्नच नाही. मागे कोंबड्यांचा आवाज, एकीचं हसू, मध्येच तिच्या आईची हाक. मी ते काही कापलं नाही.

शाळा उघडल्यावर पहिलीतला एक जण माझ्या तोंडून कोरकू शब्द ऐकून म्हणाला की ताईचा आवाज लावा, तुम्ही चुकता. चुकत होतोच.

तिसरी_घंटा

पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. त्या बातमीनंतर मीही उत्साहानं, फोननं स्कॅन केले की धडा ऐकवणारे क्यूआर कोड छापून वह्यांवर चिकटवले. महिनाभरात कुणीच काही ऐकलेलं नाही. मग मुलांनाच मोजायला लावलं: संध्याकाळी सात वाजता घरात फोन किती? बावीस घरांत नऊ. बाकीचे वडिलांबरोबर रानात, नाहीतर दादाकडे. हा तक्ता पाचवीनं स्वतः काढला, स्तंभालेखासकट. कोड वाया गेले, आलेख छान आला.

रविवारची_ताई

न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा घेते, नोकरी वेगळीच आहे. इथल्या मुलांना ‘ळ’ म्हणता येत नाही. जीभ मागे वळव वगैरे सांगून मी थकले. एकदा सहज फोनवर मराठी बोलून टंकायची सोय चालू केली. मुलगा म्हणाला “नळ”, फोननं लिहिलं “नल”. तो चिडला. पुन्हा “नल”. सातव्यांदा “नळ” उमटलं आणि त्यानं जो नाच केला! आता रांग लागते: नळ, काळा, पोळी.

एक मात्र सांभाळा. अख्खं वाक्य बोललं तर फोन अंदाजानं बरोबर लिहून देतो, मुलगा चुकला तरी. सुटा शब्दच द्यायचा.

शिरोलंब

ताई, हे आमच्याकडे पण लागेल. हसू नका.

जुना_मास्तर

खडू_डस्टर, त्या मुलीच्या प्रश्नाचं काय झालं? रात्रीचे फोटो?

खडू_डस्टर

गुरुजी, झालं ना. भावाचा जुना फोन मिळाला, ठरावीक वेळानं आपोआप फोटो काढणारं ॲप टाकलं. उजेडासाठी झिरोचा बल्ब. मी सगळं लावून शेवटची एसटी पकडली.

रात्री पावणेदोनला वीज गेली. तोवरचे फोटो पिवळट, पण स्पष्ट. तिथून पहाटेपर्यंत नुसते काळे. मी ते काळे गाळून टाकणार होते, ती म्हणाली राहू द्या. मग आम्ही सगळे मिळून काळा पडदा बघत बसलो, एक, दोन, तीन, मोजत. सतरा झाले आणि उजाडलं, तर मूळ वीतभर नाही पण चांगलं बोटाचं पेर पुढे गेलेलं.

“अंधारात बी वाढलंय की,” ती म्हणाली.

आता हरभरा भिजवलाय. एक ग्लास खिडकीत, एक कपाटात. कपाटातला फोटो कसा काढायचा, यावर वर्गात भांडण चालू आहे.